गरोदरपणात घेतलेली मेसेज-सेवा : 15 महिन्यांचा हिशेब

चौथा महिना लागला तेव्हा आशाताईंनी माझं नाव नोंदवलं. आठवड्याला दोन मेसेज, महिन्यातून एकदा समुपदेशक ताईंचा फोन, पैसे काही नाहीत. आम्ही घाटंजी तालुक्यातले, घरी कपाशी अन् तूर. मुलगी आता 10 महिन्यांची झाली. सेवेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

पहिले दोन महिने मेसेज वाया गेले. नंबर नवऱ्याचा, नवरा दिवसभर वावरात. रात्री फोन माझ्या हाती यायचा तोवर मेसेज रिचार्जच्या जाहिरातींखाली गेलेला. भाषाही अशी, की ‘लोहयुक्त आहाराचे सेवन करावे’. आमच्या घरात कोणी सेवन करत नाही, सगळे जेवतात. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, तर वाचताच येत नाही. माझ्या जावेला सरकारच्या ‘किलकारी’चे फोन येतात, ते ऐकायचे असतात, त्या बाबतीत ती सुखी.

फरक पडला तो ताईंच्या फोननं. पहिल्याच वेळी त्यांनी विचारलं, “आज सकाळपासून काय काय खाल्लं, सांगा बरं.” चहा, भाकर-चटणी, पुन्हा चहा, रात्री वरण-भात. आणि लाल गोळी? घेते की, चहासोबतच. त्या रागावल्या नाहीत. चहानं गोळीतलं लोह अंगी लागत नाही, मध्ये तास-दोन तास जाऊ द्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, जेवणात लिंबू पिळा, एवढंच सांगितलं. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून मी आठवडाभर गोळ्या बंद केल्या होत्या, तेही त्यांनीच खोदून काढलं. माझं हिमोग्लोबिन 9.2 होतं, आठव्या महिन्यात 10.6 झालं. गरोदर बाईला 11 तरी हवं, म्हणजे कमीच. पण जिना चढताना धाप लागायची ती थांबली.

खरी परीक्षा आत्याबाईंची. “लय खाशीन तं पोट्टं मोठं होईन, मंग बाळंतपण अवघड जाते,” हे त्यांचं ठरलेलं. एकदा मी फोन स्पीकरवर टाकला. वाटलं, आता वाद होणार. ताईंनी वाद घातलाच नाही. “आत्याबाई, तुमच्या वेळी अंबाडीची भाजी किती दिवस पुरायची?” असं विचारलं. आत्याबाई वीस मिनिटं बोलल्या: अंबाडी, हरभऱ्याचा घोळणा, जवसाची चटणी, ज्वारीच्या कण्या. शेवटी ताई म्हणाल्या, हेच सुनेला एक घास जास्त द्या. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट आत्याबाई वाढायला लागल्या. मुलगी झाली तेव्हा मधाची बाटली त्यांनी स्वतःच परत ठेवली आणि चीक पाजू दिला. बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं, हे मात्र अजून सोडलेलं नाही. तिथं ताईही हरल्या.

आता तक्रार. माझं बाळंतपण तारखेच्या तीन आठवडे आधी झालं, ऐन वेचणीत. मेसेज जुन्याच तारखेवर चालू. मुलगी दहा दिवसांची असताना ‘दवाखान्यात जाण्याची पिशवी भरून ठेवा’ असा मेसेज आला. आम्ही हसलो. तारीख दुरुस्त व्हायला दोन महिने आणि आशाताईंच्या तीन चकरा लागल्या. पण गावात एका बाईचं लेकरू जन्मताच गेलं, तिलाही ‘बाळाला फक्त आईचं दूध’ येतच राहिलं. ते बंद कसं करायचं, गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी तिच्या नवऱ्यानं सिमच बदललं. याबद्दल सेवेला गुण देणं मला जमत नाही.

मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर मेसेज कामाचे झाले, कारण एव्हाना मी ते आत्याबाईंना वाचून दाखवत होते. तरी मी मुलीला वरणाचं पाणीच पाजत होते. ताई म्हणाल्या, चमचा तिरपा करून पाहा, ओघळून गेलं तर ते पाणीच. डाळ भांड्यात राहते आणि लेकराचं पोट पाण्यानं भरतं. तेव्हापासून घट्ट वरण-भात कुस्करून, वर चमचाभर तेल. नववा लागल्यापासून अर्धी वाटी, दिवसातून तीन-चारदा, अंगावरचं दूध चालूच. अंगणवाडीतलं पाकीट, खरं सांगते, आधी शेळीला जायचं. आता त्याचं धिरडं होतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच मेसेजमध्ये नाही. मी निंदणाला गेले की अकरा वाजता लेकराला भरवणार कोण? आत्याबाईच. म्हणून मी ताईंना त्यांचा नंबर दिला, आता फोन तिकडेच येतो. मागच्या वेळी मी वावरात होते. संध्याकाळी घरी आले तर आत्याबाई एवढंच म्हणाल्या, “अंडं सांगतलं तिनं. उद्या आणजो.”