अखंड षड्जासाठी रीपर : वर्षभर वापरल्यावर

गेल्या वर्षी एका पहाटे माझ्या विद्यार्थिनीचा निरोप आला, "बाई, तुमचा तंबोरा दर चार मिनिटांनी अडखळतो. मी आलाप लांबवते आणि नेमका तिथेच." ती न्यू जर्सीत असते. घरातलं सगळं आवरलं की रात्री रियाजाला बसते, तेव्हा आमच्याकडे सांगलीत सकाळ उजाडत असते. तिला मी माझाच तंबोरा फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवला होता, चार मिनिटांचा, आणि सांगितलं होतं की रिपीट लावून ठेव.

मी तीच फाइल कान लावून ऐकली. खर्ज, म्हणजे खालचा सा, विरतो, मग क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा पंचम, म्हणजे प. अर्धा सेकंदही नसेल, पण षड्ज, म्हणजे सा, धरून बसलेल्या माणसाला तेवढा पुरतो. एमपीथ्री तयार होताना फाइलच्या पुढेमागे थोडी शांतता आपोआप भरली जाते आणि साधे प्लेअर ती तशीच वाजवतात. म्हणजे तुकडा कितीही नेटका कापला तरी रिपीटवर सांधा दिसणारच. इलाज एकच, अर्ध्या तासाची सलग फाइल. आणि अर्धा तास तंबोरा एका लयीत, एका सुरात, हात न थकता छेडणं मला ५४ व्या वर्षी जमत नाही.

म्हणून मी संगीताचं सॉफ्टवेअर शिकायचं ठरवलं. आधी एक फुकटचं घेतलं, त्याचं नाव घेत नाही. त्यात आठ आवर्तनांनंतर 'टक्' असा आवाज यायचा आणि तो काही केल्या गेला नाही. मग भाच्याने रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर घालून दिलं. वर्षभर तेच वापरते आहे, आणि फक्त एका कामासाठी : सूर न तुटता चालू ठेवणं. हा अभिप्राय तेवढ्यापुरताच. गाणी बनवणाऱ्यांना यात आणखी बरंच सापडेल, ते त्यांनी सांगावं.

आधी व्यवहाराचं. कॉकोस नावाच्या छोट्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर. विनॅम्प हा गाणी वाजवणारा प्लेअर ज्याने बनवला त्याच जस्टिन फ्रँकेलचं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं. त्यानंतर ६० डॉलर, म्हणजे आपल्याकडे पाच हजारांच्या पुढे. घरगुती वापर, शिक्षणसंस्था आणि वर्षाला २० हजार डॉलरच्या आत मिळकत असलेल्या व्यवसायासाठी हा दर. त्यावरच्यांना २२५ डॉलर. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते कुरकुर न करता उघडतं, हे मला किमतीइतकंच महत्त्वाचं वाटलं.

पहिला प्रयत्न मी तंबोऱ्याशिवाय केला. रीपरबरोबर रीसिंथ नावाचा साधा सिंथ, म्हणजे यंत्राने आवाज तयार करणारं वाद्य, येतो. काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, षड्ज घेतला, म्हणजे २०७.६५ हर्ट्झ. मिडीचा, म्हणजे आवाजाऐवजी स्वरांच्या सूचना असलेला, एक छोटा तुकडा केला, त्यात नोट भरली आणि तुकड्याची उजवी कड धरून लांब ओढली. तुकडा पुन्हापुन्हा येत गेला, आणि प्रत्येक सांध्यावर नोट सुटून पुन्हा लागली. लूप म्हटलं की हे होणारच, कारण दर फेरीला नोट संपते आणि नव्याने सुरू होते. तिला आपण एकच स्वर मानतो. यंत्राला त्या शंभर नोटा.

खरं उत्तर अगदी सरळ निघालं. आयटमच्या, म्हणजे त्या तुकड्याच्या, प्रॉपर्टीजमध्ये लूप सोर्सची खूण काढायची. ठोका ६० वर ठेवायचा, चार मात्रांचा बार धरला की अर्ध्या तासाचे ४५० बार होतात. तेवढा एकच आयटम घ्यायचा आणि आत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच नोट ओढायची. रीपर ती नोट अर्धा तास धरून ठेवतं, मधे हलत नाही. अशी लांब नोट मधूनच ऐकायला गेलं तर गप्प बसू शकते, कारण नोट सुरू झाल्याची खूण मागे राहिलेली असते. त्यासाठी 'चेस' नावाची सोय असते. एबलटन लाइव्ह या अशाच सॉफ्टवेअरमध्ये ती ऑप्शन्स मेन्यूत आहे, लॉजिक प्रोमध्ये प्रोजेक्टच्या सेटिंग्जमध्ये, आणि रीपरमध्येही आहे. ती चालू ठेवा, नाहीतर सूर का येत नाही म्हणून तासभर वायरी तपासत बसाल.

आणखी एक. नोट कितीही लांब ओढा, आवाज पियानोचा किंवा छेडलेल्या तारेचा घेतला तर तो विरणारच. धरून ठेवता येतो तो ऑर्गनचा, पेटीचा, बासरीचा. रीसिंथमध्ये सस्टेनची पट्टी पूर्ण वर ठेवली की तो मावळत नाही.

तर षड्ज मिळाला. खाली खर्ज ठेवला, मधे पंचम ठेवला आणि ऐकत बसले. काहीतरी हलत होतं. दर तीन सेकंदांनी एक हेलकावा. मला वाटलं लॅपटॉपचा स्पीकर. मग कागद घेऊन हिशेब मांडला. खर्ज १०३.८३ हर्ट्झ, त्याचा तिसरा अंश, म्हणजे त्याच सुरात दडलेला तिप्पट कंपनांचा सूर, ३११.४८. सॉफ्टवेअरचा पंचम १५५.५६, त्याचा दुसरा अंश ३११.१३. दोन्ही एकाच जागी यायला हवेत, तर मधे ०.३५ हर्ट्झची फट, म्हणजे साधारण तीन सेकंदाला एक हेलकावा. कीबोर्डची पट्टी बारा सारख्या भागांत कापलेली असते, तिच्यात पंचम २ सेंटने (सेंट म्हणजे अशा एका भागाचा शंभरावा हिस्सा) उतरलेला असतो. पेटीवर गाताना आपण हे सोसतो. पण तंबोऱ्यात पंचम लागला की नाही, हे त्याच जागेवर ठरतं. माझ्या गुरूंनी तंबोरा लावायला शिकवताना मला कितीतरी महिने दुसरं काही शिकवलं नव्हतं.

इथे रीपर माझ्या मनात बसलं. पंचमाचा ट्रॅक वेगळा करून रीसिंथच्या ट्यूनिंगमध्ये २ सेंट चढवले आणि हेलकावा थांबला. थांबला म्हणजे पाण्यावरची लाट निवावी तसा. मी तीनदा मागेपुढे करून पाहिलं. जी गोष्ट मी आयुष्यभर कानाने आणि तार लावायच्या मण्याने करत आले, ती इथे आकड्याने करता आली, आणि कानाने तिला होकार दिला.

पण तो सूर घेऊन गायला बसले तेव्हा दहा मिनिटांत घसा आवळला. सूर बरोबर होता, पण त्याच्यात जीव नव्हता. तंबोऱ्याचा षड्ज स्थिर असतो असं आपण म्हणतो, आणि जवळून ऐकलं तर तो सारखा उमलत असतो. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढली की तार घोडीला घासत कंप पावते, आणि एकेक अंश वर चढत जातात. खर्जातून आपोआप गांधार ऐकू येतो, तो याच अंशांतला पाचवा. तोही कीबोर्डच्या गांधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट खाली, आणि म्हणून इतका गोड. नुसत्या लांब नोटेत यातलं काही घडत नाही. ज्यांना पाश्चात्त्य पद्धतीचं, एका सुरावर तरंगणारं संगीत करायचं आहे त्यांना ती पुरेल. आम्हाला खरा तंबोराच हवा.

माझा तंबोरा मिरजेचा, आईच्या वेळचा. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरी तो त्याआधी कितीतरी वर्षं मानात आहे. पंखा बंद करून, खिडक्या लावून, एक माइक भोपळ्याच्या बाजूने आणि घोडीपासून वीतभर अंतरावर ठेवून मी ध्वनिमुद्रण केलं. तीन बैठका झाल्या, तेव्हा दोन उपयोगी तुकडे हाती आले : एक ७ मिनिटं १० सेकंदांचा, दुसरा ८ मिनिटं ३५ सेकंदांचा.

पहिल्या दोन बैठका वाया का गेल्या ते सांगते, कारण घरी कुणी करायला गेलं तर इथेच अडेल. तुकड्याची दोन टोकं जोडली की सांध्यावर जोडीच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या, तारा हलायच्या. रीपरमधल्या रीट्यून या सूर मोजणाऱ्या सोयीने जोडीची तार सुरुवातीला आणि शेवटी मोजली. शेवटी ती ४ सेंट उतरलेली. आठ मिनिटांत इतकं उतरलं तर बैठकीत कुणाच्या लक्षात येत नाही, कारण आपण गाता गाता मणी सरकवत असतो. पण टोकाला टोक लावलं की उतरलेली आणि ताजी तार शेजारीशेजारी येतात आणि कान लगेच दचकतो. तिसऱ्या वेळी तंबोरा लावून तासभर तसाच ठेवला, पुन्हा लावला, मग छेडायला घेतला. मग तार टिकली.

सांधा कसा केला ते जरा नीट सांगते. रीपरमध्ये आवाजाचं चित्र दिसतं. त्यात पंचम, जोड, जोड, खर्ज असे चार उंचवटे येतात आणि खर्जाचा सगळ्यांत रुंद. तुकड्याचं शेवटचं आवर्तन आणि पुढच्या प्रतीचं पहिलं आवर्तन एकमेकांवर सरकवलं, खर्जाच्या उंचवट्यावर खर्जाचाच उंचवटा बसेपर्यंत. ऑटो क्रॉसफेड चालू असला की जिथे दोन आयटम चढतात तिथे एक मावळतो आणि दुसरा उगवतो. मी तीन सेकंदांचा घेतला. सरळ रेषेचा क्रॉसफेड ठेवला तर मधे आवाज खचतो. त्यावर राइट क्लिक करून फुगीर आकार निवडला की पातळी राहते. आवर्तनाचा क्रम मात्र चुकता कामा नये. खर्जानंतर पंचम यायला हवा. एकदा माझ्याकडून दोन खर्ज लागोपाठ राहिले, आणि आमच्या वर्गातली अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाई, तंबोरा चुकला."

दोन तुकडे दोन ट्रॅकवर ठेवले, मैफलीत गायकाच्या मागे दोन तंबोरे असतात तसे, एक किंचित डावीकडे, एक उजवीकडे. लांबी वेगळी असल्याने दोघांचे सांधे अर्ध्या तासात एकदाही समोरासमोर येत नाहीत. एकाचा सांधा चालू असताना दुसरा तो झाकतो. याने जो भरणा आला तो एका तंबोऱ्याने कधी आला नव्हता.

पट्टी बदलायची तर आयटमच्या प्रॉपर्टीजमध्ये सेमिटोनचा, म्हणजे पेटीच्या लगतच्या पट्टीइतक्या अंतराचा, आकडा टाकला की झालं. एका सुराने वरखाली चालतं. दोन सुरांनी जवारी जाड व्हायला लागते. काळी चारवरून काळी एकवर उतरवून पाहिलं, तर तंबोरा उशीत गुंडाळल्यासारखा वाजला. ही मर्यादा अशी सोय देणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरची. तारेचा ताण आणि लाकूड आकड्याने बदलत नाहीत. पुरुष विद्यार्थ्यांसाठी मी मित्राचा मोठा तंबोरा आणून वेगळं ध्वनिमुद्रण केलं.

शेवटी रेंडर, म्हणजे सगळं मिळून एक फाइल काढणं. अर्ध्या तासाची वेव्ह फाइल ३१७ एमबी होते, ती फोनवर पाठवणं कठीण. १९२ केबीपीएसची एमपीथ्री ४३ एमबी. विद्यार्थ्यांना मी हीच देते, आणि बजावते की फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. तिथे १०० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज पोहोचतच नाही, आणि खर्ज नसेल तर कशावर उभं राहणार?

उणं काय? मेन्यू इतके की पहिला महिना मी वहीत लिहून घेत होते. अक्षरं बारीक. मराठी काहीच नाही, आणि तयार तंबोराही यात मिळत नाही. ज्याला फक्त रियाजापुरता सूर हवा आणि जुळवाजुळवीत रस नाही, त्याने इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा फोनवरचं चांगलं ॲप घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. पण ज्याच्या घरी वाजता तंबोरा आहे आणि तो दूरच्या शिष्यांपर्यंत पोहोचवायचा आहे, त्याने ६० दिवस तरी हे वापरून बघावंच. मी पैसे २० व्या दिवशी भरले.

न्यू जर्सीचा निरोप पुन्हा आला, याही वेळी पहाटेच. तिने अर्धा तास यमन गायला होता आणि फाइल संपली तेव्हाच तिला ती फाइल असल्याचं आठवलं. आता तिला तास हवा आहे. ९०० बार. आणि तिच्या बहिणीला काळी पाच हवी, त्यासाठी तारा आणून ठेवल्या आहेत. पाऊस थांबला की बसवीन, सध्या दमट हवेत तंबोरा सुरात राहत नाही.