प्रोस्टेट काढायचं की आतून किरण द्यायचे? आधी रात्री किती वेळा उठता ते सांगा

निपाणीकडच्या आमच्या मामांचं वय ६६. पीएसए (प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचा आकडा) ७.२, बायोप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर, ग्लिसन (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचे गुण) ३+३, म्हणजे ६. रिपोर्ट आला आणि घरात दोन तट पडले. जावईबापू म्हणाले, रोबोटने काढून टाका, विषय संपला. कोल्हापूरच्या पाहुण्यांचं म्हणणं, कापाकापी कशाला, आत रेडिएशनचे दाणे ठेवतात आणि माणूस लगेच घरी. मामांना काळजी ऊस कधी तुटणार याची. त्यांच्याबरोबर तीन दवाखाने फिरलो, त्यात जे समजलं ते लिहितोय. मी डॉक्टर नाही.

पीएसए १० च्या आत, ग्लिसन ६ आणि गाठ प्रोस्टेटच्या ग्रंथीच्या आतच असेल, तर दोन्हीपैकी काहीच लगेच न करता नुसती देखरेख ठेवणं हाही रीतसर उपचार आहे. ब्रिटनमध्ये १,६४३ जणांना तीन गटांत विभागून १५ वर्षं पाहिलं: ऑपरेशन, बाहेरून किरण आणि देखरेख. प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेलेले तिन्हीकडे १०० पैकी सुमारे ३. देखरेखीच्या गटात आजार इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं. आतून दिलेले किरण त्या अभ्यासात नव्हते. तरी एवढं नक्की, की विचार करायला काही आठवडे घेतले तर बिघडत नाही. हा कॅन्सर बहुधा सावकाश चालतो.

सुरुवातीच्या आजारात बरं होण्याच्या बाबतीत ऑपरेशन आणि ब्रॅकीथेरपी (म्हणजे आतून दिलेले किरण) यांत फारसं डावं-उजवं नाही. फरक आहे तो कुठला त्रास वाट्याला येणार याचा.

ऑपरेशनमध्ये प्रोस्टेट आणि वीर्याच्या पिशव्या काढून मूत्राशय खाली पुन्हा जोडतात. तो जोड भरेपर्यंत एक-दोन आठवडे लघवीची नळी राहते. खरी परीक्षा नळी निघाल्यावर. खोकला आला, शिंक आली, वाकून काही उचललं की लघवी ठिबकते. बहुतेकांचं काही महिन्यांत, फार तर वर्षभरात सुधारतं. थोड्यांना पॅड कायमचं चिकटतं. धोतर नेसणाऱ्या माणसाने पॅड लावायचं कसं, हे आम्हाला एकाही दवाखान्यात कुणी सांगितलं नाही. (घट्ट जांघ्या लागतो. ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा, आणि लघवी रोखून धरायचे व्यायामही आधीच सुरू करा.) साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे ऐन हंगामात हे काढू नये.

ब्रॅकीथेरपीचे दोन प्रकार आहेत, आणि गावात गप्पा मारताना लोक ते हमखास एकत्र करतात. पहिल्यात आयोडीन-१२५ चे तांदळाहून बारीक दाणे सुईने आत सोडतात आणि ते कायमचे तिथेच राहतात. त्यांचा जोर दर ६० दिवसांनी निम्मा होतो. म्हणून पहिले दोनेक महिने नातवाला मांडीवर घेऊन बसायचं नाही, गरोदर सुनेपासूनही जरा अंतर ठेवायचं. दुसऱ्यात इरिडियमचा स्रोत सुयांमधून काही मिनिटं आत जातो आणि बाहेर येतो. मागे काही उरत नाही, म्हणून नातवावर बंधन नाही.

दोन्हीत पोट फाडावं लागत नाही आणि ठिबकण्याचा त्रास कमी. पण सुयांनी आणि किरणांनी ग्रंथी सुजते. मग जळजळ, घाई, बारीक धार, आणि हे काही महिने चालतं. कधी शौचातून रक्तही पडतं. ग्रंथी मुळातच मोठी असेल, ५०-६० सीसीच्या वर, किंवा धार आधीच अडत असेल, तर लघवी पूर्ण तुंबून पुन्हा नळीवर यायची पाळी. प्रोस्टेट आधी खरवडून घेतली असेल तरी डॉक्टर दहादा विचार करतात. म्हणून सोनोग्राफीतला आकार आणि रात्रीचं उठणं, हे दोन आकडे ग्लिसनच्या शेजारी लिहून न्या.

आता जे घरात कुणी बोलत नाही ते. ऑपरेशननंतर ताठरता एकदम जाते आणि नसा वाचल्या असतील तर हळूहळू, थोडीफार परतते. किरणांनंतर ती सुरुवातीला टिकते आणि पुढच्या काही वर्षांत ओसरते. ऑपरेशननंतर वीर्य येतच नाही. मामींना बाहेर न बसवता हे दोघांसमोर विचारलं, ते बरं झालं.

पुढच्या तपासण्यांचा हिशेबही वेगळा. ऑपरेशननंतर पीएसए जवळपास शून्यावर यावा लागतो आणि चढला तर किरणांचा मार्ग उरतो. ब्रॅकीनंतर तो सावकाश उतरतो, मध्येच थोडा उसळतो, घरचे घाबरतात. आणि आजार उलटला तर किरण लागलेल्या जागी ऑपरेशन फार अवघड. वय कमी असेल तर हा मुद्दा मला मोठा वाटतो. सत्तरी ओलांडलेल्या, हृदयाचं दुखणं असलेल्या माणसाला मी किरणांकडेच पाहायला सांगेन.

बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर अशी चौकशी करताना 'ब्रॅकी आहे का' एवढंच विचारू नका. इरिडियमचं मशीन गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी पुष्कळ ठिकाणी असतं. प्रोस्टेटसाठी ते वर्षाला किती जणांना वापरता, हे विचारा. सर्जनलाही असाच आकडा विचारावा. पैशांसाठी कर्नाटकचं आरोग्य कार्ड आहेच. महाराष्ट्राने महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना देऊ केली आहे. आपलं गाव यादीत आहे का आणि हा उपचार त्यात बसतो का, ते भरती होण्याआधी विचारा.

मामांची ग्रंथी ६८ सीसी निघाली, रात्री चारदा उठणं. दाण्यांचा विषय तिथेच संपला. ऑपरेशन जमण्यासारखं होतं, पण त्यांनी तूर्त देखरेख घेतली. धारेसाठी गोळी, दर सहा महिन्यांनी पीएसए, पुढे पुन्हा बायोप्सी. जावईबापू अजून रुसलेले आहेत.