कमळाच्या पाटीवर कुळ कोणतं?

बडोद्यात सोसायटीच्या बागेत झाडांना पाट्या लावायच्या ठरलं, की नावं भराभर लिहून होतात. गाडी अडते ती कुळापाशी. जुनी बेंथॅम-हूकर पद्धत धरायची, की डीएनएवर उभी असलेली एपीजी, म्हणजे अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुपने केलेली सपुष्प वनस्पतींची नवी मांडणी?

बेंथॅम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८६२ ते १८८३ या काळात फुलं उघडून, पाकळ्या-पुंकेसर मोजून २०२ कुळं मांडली. हातात भिंग असलं की काम भागतं. आपल्याकडच्या वाळवलेल्या नमुन्यांच्या अनेक जुन्या वनस्पतिसंग्रहांची कपाटं आजही त्याच क्रमाने लावलेली आहेत, त्यामुळे शोधाशोध वाचते. एपीजीची पहिली आवृत्ती १९९८ची, चौथी २०१६ची. तिच्यात ६४ गण (जवळच्या कुळांचे गट), ४१६ कुळं. हरितलवकातल्या आरबीसीएलसारख्या जनुकांचे क्रम जुळवून नाती ठरवलेली. ती बागेत उभं राहून दिसत नाहीत, ही अडचण खरीच.

पण हौदापाशी या. कमळ आणि कुमुद (वॉटर लिली) जुन्या पद्धतीत एकाच कुळात. डीएनएने कमळ तिथून उचललं आणि थेट चिनाराच्या गणात नेऊन ठेवलं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थट्टाच वाटली. मग परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले: कमळाच्या कणाला तीन खाचा, कुमुदाच्या कणाला एक. पुरावा होता, फक्त पाकळ्यांच्या गर्दीत त्याला वजन मिळालं नव्हतं. इथला गुजराती माळी तर या दोघांना कमळ आणि पोयणं अशी वेगळी नावं देतोच. सगळ्यांना सरसकट कमळ म्हणणारे आपणच.

बाकी बदल पचायला सोपे. सागवान घाणेरीच्या कुळातून तुळशीच्या कुळात आला. रुई कण्हेरीच्या कुळात, फालसा जास्वंदीच्या. रुई आणि कण्हेर, दोन्हींचा चीक पाहिलेल्याला यात नवल वाटू नये.

माझं मत विचाराल तर पाट्यांवर एपीजीच लिहा. पत्र्यावर रंगवलेलं नाव दहा-पंधरा वर्षं राहतं आणि ते वाचणारी मुलं पुढे हेच शिकणार आहेत. कॉलेजच्या संग्रहाची जबाबदारी असेल तर मात्र कपाटं हलवू नका, यादीत नव्या कुळाचा एक रकाना वाढवा.

सायकसची पाटी तेवढी बाजूला ठेवा. त्याला फूलच येत नाही, म्हणून एपीजीत तो नाही; बेंथॅम-हूकरने त्याला द्विदल आणि एकदल यांच्या मधोमध बसवलं होतं, आणि तिथे तर तो अजिबातच शोभत नाही.