वाशिष्ठीकाठची पाणथळ कुरणं: अधिसूचना की पाणी सोडण्याचं वेळापत्रक?

कोयनेचं पाणी वीज तयार करून पोफळी-कोळकेवाडीमार्गे चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत उतरतं. त्यामुळे ऐन हिवाळ्यातही काठाची सखल गवताळ जमीन ओली राहू शकते, आणि पाणलावा, तुतारी, धोबी या पाहुण्या पक्ष्यांना हवी असते ती हीच. ती राखायचे दोन पर्याय दिसतात.

पहिला पर्याय अधिसूचनेचा, म्हणजे सरकारने ही जमीन पाणथळ म्हणून जाहीर करून तिला कायद्याचं संरक्षण देण्याचा. कागदावर भक्कम. पण 2017च्या पाणथळ नियमांनी नदीपात्र आणि भातखाचरं व्याख्येतूनच वगळली आहेत, म्हणजे काठाच्या पट्ट्यातलं हाती लागणार किती? हां, भराव रोखायला मात्र कायदाच लागतो. 2021च्या पुरानंतर नदीतला गाळ उपसला. असा गाळ कुरणावर पडला की कुरण संपलं.

दुसरा पर्याय विसर्गाचा, म्हणजे वीजघरातून पाणी सोडण्याचं वेळापत्रक बदलण्याचा. विजेची मागणी वाढली की जनित्रं सुरू होतात आणि खालचं पाणी चढतं. पाणलावा लांब चोच मऊ चिखलात खुपसून किडे टिपतो. कड बुडाली की त्याचं ताट गेलं. ऑक्टोबर ते मार्च पाणी टप्प्याटप्प्याने चढवलं-उतरवलं, तर जमीन संपादन न करताही फरक पडेल. वीजवाले कुरकुरतील, कारण जलविद्युतचा मोठा फायदा झटपट सुरू होण्यातच आहे.

माझं मत दुसऱ्याला. गुरं चरू द्यावीत, गवत फार माजलं तर पाणलाव्यालाही अडचणच.