‘हिंदू’नंतर नेमाडे : ‘कोसला’ घ्यावी की ‘बिढार’?

भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ ही जाडजूड कादंबरी मन लावून वाचून झाली, तिचा नायक खंडेराव डोक्यातून जात नाही, आणि आता नेमाड्यांचंच आधीचं काहीतरी वाचायचंय. अशा वेळी जो तो ‘कोसला’ सुचवतो. मीही बहुतेकांना तेच सांगेन, पण सरसकट नाही.

‘हिंदू’ २०१० सालची, ‘कोसला’ १९६३ची. लेखक तेव्हा पंचविशीत होता. मधली सत्तेचाळीस वर्षं आधी निवेदनातच जाणवतात. खंडेराव मोहेंजोदडोहून घराकडे निघतो तो वडिलांच्या आजारपणामुळे, आणि त्याच्या आठवणीत अख्खं मोरगाव बोलत असतं. ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकरच्या डोक्यात मात्र फक्त पांडुरंग. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला, होस्टेल, मेस, गॅदरिंग, उधाऱ्या यांत अडकलेला आणि शेवटी रिकाम्या हातांनी गावी परतणारा. ‘हिंदू’तला गोतावळा शोधत आलात तर इथे कोंडल्यासारखं होईल. मला झालं होतं. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’, ‘थोर’ यांचा तो मारा सोसेना, म्हणून पन्नासेक पानांवर पुस्तक मिटलं.

वर्षभराने पुन्हा उघडलं आणि मनीपर्यंत पोचले. पांडुरंगची ही धाकटी बहीण देवीच्या आजारात दगावते. तोवर जगातली प्रत्येक गोष्ट उडवून लावणाऱ्या मुलाला हे मात्र उडवून लावता येत नाही. घरातल्या बायकांविषयी ‘हिंदू’भर जी कळवळ पसरली आहे, तिचा उगम मला याच पानांत सापडला. एवढ्या पानांसाठी सुरुवातीचं पुणं दहा वेळा वाचायची माझी तयारी आहे.

‘बिढार’ १९७५ची, चार कादंबऱ्यांच्या मालिकेतली पहिली. नायक चांगदेव पाटील, निवेदन तृतीयपुरुषी. मुंबईतल्या खोल्या, लिहिणारे-छापणारे मित्र, पैशांची ओढाताण, आणि मग प्राध्यापकीची वाट. बिढार म्हणजे मुक्कामाची जागा. शब्द थेट ‘लीळाचरित्रा’च्या मराठीतला. नाव चपखल आहे, कारण चांगदेव कुठेच फार टिकत नाही. माणसांची गर्दी, जातीपातींचे ताणेबाणे, कॉलेजांतलं राजकारण हे सगळं या मालिकेत भरपूर आहे, त्यामुळे ‘हिंदू’तली समाजाची बाजू ज्यांना भावली त्यांना ती जवळची वाटेल. अडचण एकच : ‘बिढार’ एकटी वाचून समाधान होत नाही. पुढे ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ आहेतच. चार पुस्तकांची सवड नसेल तर सध्या नको.

घराकडे निघालेला खंडेराव ज्यांना हलवून गेला त्यांनी ‘कोसला’च घ्यावी. फक्त ‘हिंदू’ संपल्या संपल्या नको, मध्ये महिनाभर जाऊ द्यावा. नाहीतर खंडेरावचा आवाज कानात घुमत राहतो आणि पांडुरंगचं बोलणं नीट ऐकूच येत नाही.