अ‍ॅसरॉक डेस्कमिनी एक्स ३००: दोन लिटरांपेक्षा लहान पेटीत लिनक्सचा घरगुती पीसी

डेस्कमिनी एक्स ३०० विकत घेतला म्हणजे संगणक घरी आला असं होत नाही. खोक्यात मिळते ती १५५ × १५५ × ८० मिलिमीटरची पत्र्याची पेटी, आत बसवलेला मिनी-एसटीएक्स या छोट्या आकाराचा मदरबोर्ड, १९ व्होल्ट १२० वॅटचा अडॅप्टर, साटाच्या (अडीच इंची डिस्क जोडायच्या) केबली आणि स्क्रू. प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएसडी आणि लागलं तर वाय-फाय कार्ड हे सगळं आपण आणायचं. आकारमान १.९२ लिटर. मॉनिटरमागे लटकवायचा असेल तर वेसा पट्टी वेगळी घ्यावी लागते.

एवढा खटाटोप का करायचा? कारण या आकाराच्या बहुतेक तयार मशीनांत प्रोसेसर बोर्डावरच डाखलेला असतो. उद्या आठ कोअरचा हवा झाला, की अख्खं मशीन बदला. इंटेलने २०२३मध्ये एनयूसी या आपल्या छोट्या पीसींचा धंदा थांबवून तो आसुसकडे सोपवला. त्यानंतर बाजारात जे छोटे डबे भरले त्यांतल्या अनेकांचे बायॉस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट कुठून मिळवायचे हाच प्रश्न असतो. इथे प्रोसेसर एएमडीच्या साध्या एएम-४ सॉकेटमध्ये (काढता-घालता येईल अशा खाचेत) बसतो, बायॉस निर्मात्याच्या संकेतस्थळावर मिळतो आणि चार डिस्क मावतात: दोन एम.टू एनव्हीएमई (बोर्डावरच बसणाऱ्या वेगवान एसएसडी), दोन अडीच इंची साटा. दोन लिटरांच्या आत चार डिस्क फार कमी ठिकाणी मिळतात, आणि घरच्या सर्व्हरसाठी हा बोर्ड निवडण्याचं सगळ्यात पक्कं कारण तेच आहे. फक्त ब्राउझर, ईमेल आणि लिबरऑफिस एवढंच काम असेल तर मात्र ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड छोटा पीसी स्वस्तात पडतो आणि लिनक्स त्यावरही उत्तम चालतं. तिथे एक्स ३००वर पैसे घालण्यात अर्थ नाही.

काय आणायचं

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट. शेवटचा ‘जी’ तपासूनच पैसे द्या. ५५०० किंवा ५६०० नावाचे प्रोसेसर त्याच सॉकेटमध्ये बसतात, पण त्यांच्यात ग्राफिक्स नाही आणि या पेटीत ग्राफिक्स कार्डाला जागा नाही, म्हणजे पडद्यावर काहीच दिसणार नाही. ७००० आणि ८००० मालिकेचे रायझन एएम-५चे, ते बसतच नाहीत. आठ कोअर हवेच असतील तर ५७००जी घ्यावा. एरवी ५६००जी भरपूर झाला.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती गोष्ट. ५६००जीच्या खोक्यात येणारा रेथ स्टेल्थ कूलर या पेटीत मावत नाही. त्याची उंची ५४ मिलिमीटर, पेटीत जागा ४६. कूलर वेगळा घ्यायचाच आहे हे हिशेबात आधीच धरा. नॉक्टुआचा एनएच-एल९ए-एएम४ पंख्यासकट ३७ मिलिमीटर उंच आहे आणि आवाजाच्या बाबतीत त्याच्याइतका सुसह्य दुसरा पर्याय या उंचीत सापडणं कठीण. महाग वाटतो, पण या बांधणीत पैसे वाचवण्याची जागा कूलर नव्हे.

रॅम लॅपटॉपची: डीडीआर-४ एसओ-डिम. डेस्कटॉपची लांब पट्टी आणली तर परत करावी लागेल. ३२०० वेगाच्या, १.२ व्होल्टच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या, १६ जीबीच्या दोन म्हणजे ३२. एकच मोठी पट्टी घेऊन ‘दुसरी नंतर टाकू’ असा विचार इथे महागात जातो. ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते रॅममधूनच वाचतं. एका चॅनेलची (एका पट्टीच्या वाटेची) क्षमता सेकंदाला २५.६ गिगाबाइट, दोन मिळून ५१.२. एकाच पट्टीवर फोर-के मॉनिटर जोडला की खिडक्या सरकवतानाच फरक जाणवतो.

एसएसडी तिसऱ्या पिढीची पुरे. ५६००जीच पीसीआय-एक्सप्रेस ३.०पर्यंत जातो, त्यामुळे चौथ्या पिढीची डिस्क चालेल, पण तिसऱ्याच्याच वेगाने. वाय-फायसाठी इंटेलचं एएक्स २१० घ्या. दिसायला अगदी तसंच असणारं एएक्स २११ इथे चालणार नाही: त्याचं अर्धं काम इंटेलच्या चिपसेटमध्ये होतं, कार्डात फक्त रेडिओ असतो. दुकानदार ‘सेम आहे’ म्हणेल, तरी कार्डावरचा नंबर वाचून घ्या.

जोडणी

मागच्या पट्टीचे चार स्क्रू काढले की आतला ट्रे बोर्डासकट बाहेर सरकतो. बोर्ड ट्रेवर चार स्क्रूंनी बसवलेला असतो, तोही काढा. कारण नॉक्टुआचे स्क्रू बोर्डाच्या मागून आत येतात आणि दुसरा एम.टू स्लॉट बोर्डाच्या पाठीवरच आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी प्रोसेसर, मग कूलर, मग पाठीवरची एसएसडी.

प्रोसेसर बसवताना सॉकेटची दांडी पूर्ण वर, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवा आणि प्रोसेसर सोडून द्या. तो स्वतःच्या वजनाने आत बसायला हवा. दाबावा लागत असेल तर पिन वाकलेली आहे, थांबा. मूळ कूलरसाठीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि मागची पाटी काढून नॉक्टुआची लावायची. थर्मल पेस्ट प्रोसेसरच्या मध्यभागी वाटाण्याएवढी. स्क्रू तिरपे, एकाआड एक, थोडेथोडे आवळा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली तर हीटसिंक कलता बसतो आणि तापमान कशामुळे चढतंय ते कळत नाही.

बोर्डाच्या पुढच्या बाजूला वाय-फाय कार्डाचा स्लॉट एम.टू एसएसडीच्या खाली येतो, म्हणून कार्ड आधी लावा. अँटेनाच्या तारांची टोकं इवलीशी असतात. टोक कार्डावरच्या सोनेरी गोलावर बरोबर मधोमध ठेवून अंगठ्याच्या नखाने सरळ खाली दाबा; बारीक ‘टक’ जाणवतो. तिरकं दाबलं तर कडा चपटी होते आणि पुढे ते कधीच घट्ट बसत नाही. साटा डिस्क लावणार असाल तर त्यांच्या केबली ट्रे आत सरकवण्याआधी जोडून तारा कडेने बसवून घ्या, पंख्याच्या पात्यांना लागू देऊ नका.

पुढेमागे कूलर काढायची वेळ आली तर एएम-४ची एक खोड माहीत असू द्या. पेस्ट वाळलेली असेल तर कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, दांडी खाली असली तरी. मशीन दहा-पंधरा मिनिटं कामाला लावून गरम करा, बंद करून वीज काढा, मग कूलर थोडा डावीउजवीकडे फिरवत सोडवा. सरळ वर ओढू नका.

पहिला स्टार्ट आणि बायॉस

पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा एखाद-दोन मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅमची चाचपणी करत असतो. घाबरून मध्येच वीज तोडू नका. त्यानंतरही काही आलं नाही, तर दोन्ही पट्ट्या काढून पुन्हा बसवा. एसओ-डिम अर्धवट बसणं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

दुसरं कारण जास्त त्रासदायक आहे. हा बोर्ड २०२०चा, ५०००जी मालिका २०२१ची. गोदामात पडून असलेल्या जुन्या मालात जुना बायॉस असेल तर ५६००जी ओळखलाच जात नाही. आणि प्रोसेसरशिवाय बायॉस टाकायची सोय या बोर्डावर नाही. ही या उत्पादनातली खरी उणीव आहे. विकत घेतानाच ‘५०००जीसाठी बायॉस अपडेट करून द्या’ असं सांगा, किंवा ३०००जी अथवा ४०००जी मालिकेचा प्रोसेसर तात्पुरता मिळेल अशा दुकानातून घ्या. अपडेट स्वतः करायचं तर फाइल एफएटी-३२ पेन ड्राइव्हवर टाकून बायॉसमधल्या इन्स्टंट फ्लॅशमधून. विंडोज लागत नाही. अपडेटनंतर पंख्याच्या सेटिंगसकट सगळं मूळ पदावर येतं, ते पुन्हा भरावं लागतं.

बायॉसमध्ये बदलण्यासारख्या गोष्टी मोजक्या. सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद. ग्राफिक्सची राखीव मेमरी ५१२ एमबी ठेवा. लिनक्सचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर गरजेप्रमाणे रॅममधून आणखी घेतो, त्यामुळे तिथे दोन-चार जीबी अडकवणं म्हणजे रॅम फुकट घालवणं. वीज गेल्यावर काय करायचं या सेटिंगला ‘पॉवर ऑन’ करा, म्हणजे महावितरणची लाइन परत आली की सर्व्हर आपोआप उठतो. वीज जाताना डिस्कवरचं लिखाण अर्धवट तुटू नये म्हणून साधा ६०० व्हीएचा यूपीएसही या मशीनला पुरतो.

आणि टीडीपी, म्हणजे प्रोसेसरची वीज-उष्णतेची मर्यादा, ४५ वॅटवर आणा. ५६००जी अधिकृतपणे ४५ ते ६५ वॅटमध्ये चालवता येतो. रोजच्या कामात फरक लागत नाही; लांबलचक कंपाइल किंवा व्हिडिओ एन्कोडिंगमध्ये थोडा लागतो. पण ६५ वॅटच्या सेटिंगला हा प्रोसेसर सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत खेचू शकतो आणि ३७ मिलिमीटरचा कूलर तेव्हा पूर्ण वेगाने ओरडतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते. तिथे ४५ वॅट ही सोय नसून गरज आहे. पंख्याचा वेगही हाताने बसवा: ६० अंशांपर्यंत स्थिर आणि कमी, पुढे हळूहळू चढता. मूळ सेटिंगमध्ये टॅब उघडला की तापमान क्षणभर उडी मारतं आणि पंखा उगाच घोंघावून थांबतो. सतत चालू राहणाऱ्या पंख्यापेक्षा हे चढउतार जास्त टोचतात.

लिनक्स

इथे हा बोर्ड खरा शोभतो. ग्राफिक्सला एएमडीजीपीयू, रिअलटेकच्या गिगाबिट नेटवर्कला आर-८१६९, वाय-फायला आयडब्ल्यूएल-वायफाय: सगळे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच. वेगळं काहीही उतरवावं लागत नाही. डेबियन १२पासून फर्मवेअर (कार्डांना लागणारं आतलं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे पूर्वीसारखं इन्स्टॉल करून झाल्यावर फर्मवेअर शोधत बसावं लागत नाही. उबुंटू २४.०४ही सरळ बसतं. प्रोसेसरचं तापमान के-१०-टेम्प मोड्यूल दाखवतं. पंख्याचं नियंत्रण बायॉसवर सोडणं सगळ्यात बरं.

एक जुनं दुखणं माहीत असावं. एएमडीच्या फर्मवेअर टीपीएममुळे (किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा-सोयीमुळे) मशीन अधूनमधून सेकंदभर अडखळायचं, आवाज तुटायचा. कर्नल ६.१च्या सुमारास रँडम आकड्यांसाठी हे टीपीएम वापरात आलं आणि लिनक्सवरही त्रास दिसू लागला, ६.५मध्ये एएमडीच्या सगळ्या फर्मवेअर टीपीएमसाठी तो वापर बंद केला गेला. कर्नल जुना असेल आणि असं अडखळणं दिसलं, तर बायॉसमधून टीपीएम बंद करा. पण डिस्कची एन्क्रिप्शन किल्ली त्यात ठेवली असेल तर आधी ती हलवा.

व्हिडिओबाबत अपेक्षा नेमकी ठेवा. एच.२६४, एचईव्हीसी आणि व्हीपी-९ हे व्हिडिओ-प्रकार हार्डवेअरवर उलगडतात. एव्ही-१ नाही, यूट्यूबने तो पाठवला की भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा ऐकू येतो. ब्राउझरमध्ये एव्ही-१ बंद केलं की यूट्यूब व्हीपी-९ देतं. फेडोरा घेतलात तर पेटंटच्या कारणाने एच.२६४ आणि एचईव्हीसीचं हार्डवेअर डिकोडिंग मूळ मेसामधून (लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचातून) काढलेलं आहे. आरपीएम फ्युजन या बाहेरच्या पॅकेज-भांडारातलं ‘फ्रीवर्ल्ड’ पॅकेज टाकावं लागतं. टीव्हीला जोडून जेलीफिन हा घरगुती मीडिया सर्व्हर चालवायचा असेल तर हे पहिल्याच दिवशी उरका.

जे खटकतं

मागे यूएसबी फक्त दोन, पुढे दोन. कीबोर्ड आणि माउस लावले की मागची बाजू संपली. बोर्डावर यूएसबी २.०चा हेडर (तार जोडायच्या पिना) आहे, त्याची पट्टी वेगळी घेता येते. वायरलेस माउसचा डोंगल मागच्या यूएसबी २.० पोर्टातच लावा, ३.० पोर्टाच्या शेजारी २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये व्यत्यय येऊन माउस अडखळतो. ऑडिओ जॅक फक्त पुढे, म्हणजे स्पीकरची वायर कायम समोर लोंबणार. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरला आवाज देणं नीटनेटकं पडतं. नेटवर्क १ गिगाबिटच. मोठ्या फाइल सतत हलवणाऱ्यांना सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास थांबावं लागेल, एनव्हीएमई कितीही वेगवान असली तरी.

पाठीवरच्या एसएसडीला हवा जवळपास लागत नाही, बोर्ड आणि ट्रे यांच्या बेचक्यात ती बसते. ज्या डिस्कवर सतत लिहिलं जातं ती पुढे ठेवा, बॅकअपची मागे. दोन्हींचं मिरर करायचं, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती ठेवायची असेल तर मागे कमी तापणारी डिस्क निवडा आणि पहिल्या मोठ्या कॉपीच्या वेळी एनव्हीएमई-सीएलआय या कमांडने तापमान बघा. ७० अंशांच्या वर रेंगाळत असेल तर पातळ थर्मल पॅड लावून ट्रेच्या पत्र्याला टेकवता येते का ते पाहा.

पेटीच्या जाळ्यांना धूळ-फिल्टर नाही. रस्त्याकडेच्या घरात तीन-चार महिन्यांनी कव्हर उघडून पंख्यावरची लव काढा. पाती बोटाने धरून मगच ब्लोअर मारा, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं.