‘आवाजच नाही’ सांगून गळ्यात मारलेली हार्ड डिस्क

डेस्कटॉपसाठी कमी आवाजाची हार्ड डिस्क शोधत असाल, आणि दुकानदार “नवी कोरी आहे, आवाजच नाही” म्हणत ती बाजारभावापेक्षा दोन हजारांनी स्वस्त देत असेल, तर पैसे काढायच्या आधी हे वाचून घ्या. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, पण माल कसा ओळखायचा ते सगळं लिहितो.

मी अमरावती जिल्ह्यात, चांदूर रेल्वे तालुक्यातल्या एका गावात राहतो. शेती आहेच, जोडीला भजनांचं रेकॉर्डिंग करतो. आमच्याकडे गावोगावी गुरुदेव सेवा मंडळं आहेत, खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात, आणि मोझरीच्या तुकडोजी महाराज पुण्यतिथी महोत्सवाआधी तर मंडळांची रीघ लागते. स्टुडिओ म्हणजे जुन्या घराची मधली खोली. भिंतींना गोधड्या आणि पोती, माइक तिथेच, कॉम्प्युटरही तिथेच. म्हणून मला डिस्क शांत हवी होती. दुसऱ्या कोणाला ती रात्री झोपायच्या खोलीत ठेवायची असेल, कोणाच्या पोराला शेजारी बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा असेल. गरज एकच.

जागाही भरपूर लागते. चार माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर २४ बिटमध्ये घेतले की तासाला दोन जीबी जातात, आणि लोक जुन्या कॅसेट उतरवून घ्यायला आणतात ते वेगळंच. विंडोज छोट्या एसएसडीवर (आत काही न फिरणारी, मेमरी चिपवाली डिस्क) आहे, साठवणीला दोन टीबीची हार्ड डिस्क होती. ती टकटक करायला लागली, खराब सेक्टरांचा आकडा वाढू लागला. आतलं सगळं काढून घेतलं आणि नवीन घ्यायला अमरावती गाठली.

हार्ड डिस्कचे आवाज दोन. एक, हेड इकडून तिकडे पळतं त्याची खरखर. दुसरा, आतल्या तबकड्या फिरण्याचा, न थांबणारा घुमारा. हा दुसरा जास्त छळतो, कारण तो स्क्रूमधून कॅबिनेटच्या पत्र्यात उतरतो आणि मग अख्खा पत्राच गुणगुणायला लागतो. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी डिस्क सेकंदाला ९० वेळा फिरते, ७२०० वाली १२०. साधारणपणे ५४०० वाली शांत. म्हणून मी दुकानात मागितलीच ती, ५४०० आरपीएमची, दोन टीबी, नवी.

गजबजलेल्या रस्त्यावरचं दुकान. दारात कोणाचा तरी जनरेटर चालू, डोक्यावर पंखा, बाहेर ऑटोंचे भोंगे. दुकानदारानं खणातून चकचकीत पिशवीतली डिस्क काढली. स्टिकरवर ५४००, बनावटीची तारीख अलीकडची. काउंटरवर फोमचा तुकडा टाकून त्यावर ती ठेवली, एका सुट्या पॉवर सप्लायला जोडली आणि म्हणाला, “कानाले लावून पाहा भाऊ. येते का आवाज?”

नव्हता येत. त्या गलक्यात आणि फोमवर ठेवलेली कुठलीही डिस्क शांतच वाटते. पुढे त्यानं कॉम्प्युटरवर डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून निळा ‘गुड’ दाखवला, पण खिडकीचा वरचा भाग दुसऱ्या खिडकीखाली झाकलेला होता. तेव्हा ते साधं वाटलं. बाजारात जी साडेपाच हजारांच्या आसपास होती, ती त्यानं साडेतीन हजारांत दिली. बिल मागितलं तर पॅडच्या चिठोऱ्यावर ‘एचडीडी २ टीबी’ एवढंच. जीएसटी नंबर नाही, सिरियल नंबर नाही. “वारंटी कंपनीची राहते नं, नंबर डिस्कवरच लिहिला आहे.”

घरी डिस्क बसवली, कॅबिनेट बंद केलं. रात्री मंडळ आलं. पहिलंच भजन सुरू व्हायच्या आधी हार्मोनियमवाले काकाजी थांबले. “बाबू, हे काय घुमून राह्यलं?”

गाणं चालू असताना ते कळत नव्हतं, पण दोन ओळींच्या मधल्या शांततेत हेडफोनमध्ये साफ ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी रिकाम्या खोलीचं अर्धा मिनिट रेकॉर्डिंग घेतलं आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ लावला, त्यात कुठल्या कंपनाचा आवाज किती ते दिसतं. १२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १२० कंपनांवर, सरळ उभा सुळका.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे विजेची घुरघुर येते ती ५०, १००, १५० वर. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तिची घुरघुर १२० वरही येते, आणि तिकडे असा सुळका वायरिंगच्या खात्यात जमा करता येतो. आपल्याकडे नाही येत. तरी खात्री केली. पंखा बंद, ट्यूब बंद, इन्व्हर्टर बंद, सुळका जागच्या जागी. मशीन बंद करून डिस्कची पॉवरची वायर काढली, पुन्हा सुरू केलं, सुळका गायब. म्हणजे ५४०० चं स्टिकर लावलेली डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरत होती.

तुम्ही म्हणाल, फिल्टर लावून काढून टाका. काढता येतो, पण पुरुषाच्या आवाजाचा पाया याच भागात असतो. तिथे कात्री लावली की गाणारा सर्दी झाल्यासारखा वाटतो.

नुसत्या १२० वरून मात्र लगेच कोणाला चोर म्हणू नये. वेस्टर्न डिजिटलच्या काही डिस्कवर ‘५४०० आरपीएम क्लास’ असं लिहिलेलं असायचं आणि त्या प्रत्यक्षात ७२०० नं फिरायच्या. लोकांनी हे असंच आवाज मोजून पकडलं, २०२० मध्ये त्यावर बराच गाजावाजा झाला, आणि ‘क्लास’ म्हणजे कामगिरीचा वर्ग, फेऱ्यांचा आकडा नव्हे, असा कंपनीचा खुलासा होता. माझी डिस्क दुसऱ्या कंपनीची, स्टिकरवर क्लास-बिस काही नाही. पण अशीच काही भानगड असेल म्हणून मी आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नीट उघडला, खिडकी पूर्ण मोठी करून.

वर मॉडेल नंबर येतो. तो स्टिकरवरच्या मॉडेलशी जुळेना. आतली डिस्क सर्व्हरसाठी बनवलेली निघाली, घरगुती नव्हेच. रोटेशन रेट ७२००. सिरियल नंबर तर वेगळाच. स्टिकर छापता येतं. डिस्कच्या आतला नंबर बदलणं त्यामानानं अवघड असतं, आणि बहुतेक ठग तेवढी मेहनत घेत नाहीत.

मग दोन्ही नंबर कंपनीच्या साइटवर वारंटीच्या पानावर टाकले. स्टिकरवरचा नंबर टाकला तर वारंटी चालू! क्षणभर मीच गोंधळलो. आतला नंबर टाकला तर मुदत कधीच संपलेली. डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. कुठल्या तरी खऱ्या, नव्या डिस्कचा नंबर उचलून त्याची स्टिकरं छापली होती. ग्राहकानं दुकानात मोबाइलवर वारंटी तपासली तरी त्याचं समाधान व्हावं, याची ही सोय.

चालू असलेले तास दाखवत होते सहा. सर्व्हरमधून निघालेली, वारंटी उलटलेली डिस्क आणि सहा तास! डिस्क स्वतःच्या वापराची आणि तब्येतीची जी नोंद ठेवते तिला स्मार्ट म्हणतात. ही नोंद पुसून शून्यावर आणता येते, आणि तो निळा ‘गुड’ स्मार्टमधल्याच आकड्यांवर, मुख्यतः खराब सेक्टरांच्या, ठरतो. हे फक्त आपल्याकडेच चालतं असंही नाही. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या सर्व्हर डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघडकीला आलं. चिया नावाचं आभासी चलन तयार करणाऱ्यांकडच्या डिस्क त्यात असल्याचा संशय होता. तिथे स्मार्टचे तास पुसलेले होते, पण सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची आणखी एक नोंद असते, तिच्यात हजारो तास तसेच राहिले होते. स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरच्या ७.४ आवृत्तीपासून त्यातलं ‘स्मार्टसीटीएल’ ती वाचू शकतं. डिस्क सीगेटची असेल तर दोन्ही आकडे ताडून बघा.

एवढं झाल्यावर डिस्क बाहेर काढून उन्हात धरली. स्क्रूच्या भोकांच्या कडा घासून पांढऱ्या पडलेल्या. वायर जोडायच्या जागेच्या (साटा) सोनेरी पट्ट्यांवर उभे ओरखडे, म्हणजे वायर कित्येकदा लावली-काढलेली. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तर नव्या स्टिकरच्या खाली जुन्या स्टिकरची कड उठून दिसत होती, बोट फिरवलं तर लागतही होती. ही तपासणी फुकट आहे, दुकानात उभ्याउभ्या होते, आणि तिला कॉम्प्युटर लागत नाही.

या धंद्याचं गणित मला तरी असं दिसतं. शहरातला ग्राहक संध्याकाळी परत येऊन भांडतो. खेड्यातला माणूस एसटीनं येतो, दिवस मोडतो, सोयाबीन काढायचं सोडून येतो. दीड-दोन हजारांसाठी तो पुन्हा यायचा नाही, असं धरूनच तो खण वेगळा ठेवलेला असतो. कुठून आले, हे त्यानं मला दोनदा विचारलं होतं. मला वाटलं आपुलकीनं विचारतो आहे.

मी परत गेलो, भाच्याला घेऊन. तो अमरावतीत शिकतो, त्याच्याकडे लॅपटॉप. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबी वायरवर ती चालत नाही, म्हणून वेगळ्या अडॅप्टरचा डॉक, म्हणजे डिस्क लॅपटॉपला जोडायचा स्टँड, मागून आणला. दुकानदार आधी म्हणाला, पिशवी फोडली, आता परत नाही. मग म्हणाला, कंपनीकडे जा. आम्ही हललो नाही, तेव्हा “घ्या बदलून, कायले वाद घालता” म्हणत त्याच खणातून दुसरी काढून दिली.

भाच्यानं ती डॉकला लावायच्या आधी दोन्ही डिस्क काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. दोघींच्या स्टिकरवर सिरियल नंबर एकच. शेवटच्या अक्षरापर्यंत. मी फोटो काढला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही वाकून बघायला लागली. दुकानदाराचा सूर बदलला. “भाऊ, आम्हालेही वरूनच माल येते.” तेही खरं असेल. पण मग खण वेगळा का, याला उत्तर नव्हतं.

पैसे मिळाले, यूपीआयनं, पूर्ण. त्याला कारण बहुधा फोटो आणि मी तिथेच उभा राहून १९१५ लावला ते. हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, मराठीतही बोलता येतं. तिथे तक्रार नोंदवून क्रमांक घेतला. पैसे मिळाले नसते तर पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विकणारा मुंबईचा असो की दिल्लीचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी होती, पण पैसे यूपीआयनं दिले होते, ती नोंद कामी आली. रोख दिले असते तर मी त्या दुकानात कधी आलोच नव्हतो, असंही त्यानं म्हटलं असतं.

आता डिस्क कोणती घेतली, तर साधी ५४०० वाली, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, पूर्ण भावानं, पक्क्या बिलावर सिरियल नंबर लिहून. पैसे देण्याआधी त्यांच्याच कॉम्प्युटरवर मॉडेल, फेऱ्या, तास आणि आतला सिरियल नंबर बघितला. त्यांनी कुरकुर केली नाही. सीसीटीव्हीसाठीच्या डिस्कही पुष्कळदा कमी फेऱ्यांच्या असतात आणि वारंटी तीन वर्षांची मिळते. पण त्याच डिस्क डीव्हीआरमधून (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) निघून पुन्हा बाजारात येण्याचं प्रमाणही जास्त, असा माझा अंदाज, तेव्हा तिथे दुप्पट तपासा.

बाकी आवाज मी दुसऱ्या मार्गानं मारला. स्क्रूखाली रबराच्या चकत्या घातल्या, पत्र्याचं गुणगुणणं तिथेच निम्मं झालं. रेकॉर्डिंग आता एसएसडीवर होतं, आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये हार्ड डिस्क पाच मिनिटांनी थांबायला सांगितली आहे. मंडळ गात असतं तेव्हा ती फिरतच नाही. बजेट असेल तर सगळंच एसएसडीवर न्या, तिच्यात फिरणारं काही नाहीच. पण दोन टीबीची एसएसडी कोणी हजार रुपयांत देत असेल तर तिथून पळा. तसल्या खोक्यात मेमरी कार्ड चिकटवलेलं निघतं, आणि एचटूटेस्टडब्ल्यू हे जागा तपासायचं सॉफ्टवेअर चालवलं की खरी जागा कळते.

गेल्या आठवड्यात धामणगावचा एक ओळखीचा फोटोग्राफर डिस्क घेऊन आला. लग्नाचे व्हिडिओ कॉपी होताना मध्येच अडकतात म्हणे. स्टिकर बघितलं, माझ्या फोनमधला फोटो शेजारी धरला. नंबर तोच. त्याचं बिलही पॅडच्या चिठोऱ्यावरच आहे, पण पैसे फोनवरून दिलेले आहेत. सोमवारी तो जातो आहे, डॉक मी त्याला दिला आहे.